सबंध आरएनएचं मरण

१

सोमवारी सकाळी काचेच्या ताटलीत अंधार निघाला आणि माझ्या भाचीला चारचौघांत खोटं ठरवलं गेलं.

भाची म्हणजे योगिनी. माझ्या भावाची, विठूची मुलगी. तिची आई लवकर गेली, विठू कायम बोटीवर, म्हणून ती माझ्याकडे मिरकरवाड्यात वाढली. मी गोदूबाई, मासे विकते. योगिनी खाडीकाठच्या मत्स्य-प्रयोगशाळेत संशोधन करते. हे वाक्य मी कोणी विचारलं नाही तरी सांगते.

तिचं काम असं. जिताडा हा महागाचा मासा. तळ्यात वाढवायला घेतला की त्याची पिल्लं एका विषाणूने पटापट मरतात. योगिनीने आरएनएचा एक बारीकसा तुकडा बनवला. तोंडवळा विषाणूचा, पण आत रोग नाही. तो माशाच्या पेशीत सोडला की पेशीतला पहारेकरी जागा होतो, आणि खरा विषाणू येतो तेव्हा घर आधीच सावध असतं. पहारेकरी जागा झाला हे डोळ्यांना दिसावं म्हणून तिने पेशींत हिरव्या उजेडाची सोय केली होती. जागा झाला, तर पेशी हिरव्या.

काम बघायला दिल्लीहून समिती आली. रविवारी दुपारी सगळ्यांसमोर योगिनीने नळीतला आरएनए पेशींना दिला. नळीत उरला तो समितीच्या अध्यक्षाबाईंनी स्वतः सीलबंद करून फ्रीजरात ठेवला. रात्रभरात पेशी हिरव्या व्हायच्या. सकाळी सूक्ष्मदर्शकातून बघतात तर एकही नाही.

"मग आधीचे उजेड कुठून आले होते?" डॉ. उन्मेष म्हणाले. ते योगिनीचे वरिष्ठ. आवाज मऊ, शब्द मात्र टोचरे. "ते आता तिनेच सांगावं."

समिती राजापूरकडची तळी बघायला निघाली. जाताना अध्यक्षाबाई म्हणाल्या, "आम्ही गुरुवारी परत येतो. तोपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाही तर हे काम बंद, आणि ही मुलगी पुन्हा कुठल्याच प्रयोगशाळेत दिसणार नाही."

योगिनी घरी आली, पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "आते, माझा आरएनए मेलेला नव्हता गो. कोणीतरी मारलान."

२

रत्नागिरीत असल्या कामाचं माणूस एकच, आणि त्यांच्याकडे माझा रोजचा मासा जातो. मनस्विनीबाई. पोलिसांच्या रासायनिक तपासणीच्या प्रयोगशाळेत उभा जन्म काढून आता झाडगावात राहतात. विष ओळखण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. जीभही तशीच.

"टोपलीत काय आहे?" मंगळवारी सकाळी दार उघडून त्यांनी विचारलं.

"आज टोपली नाय, बाई. भाची आहे."

त्यांनी योगिनीला बसवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पहारेकरी आरएनएला ओळखतो कसा ते सांग. मला नको, तुझ्या आत्याला सांग. तिला कळलं तर मला कळलं."

योगिनी माझ्याकडे वळली. तिने खेकड्याच्या नांग्यांसारखे हात पोटाशी घेतले. "आते, बिळातली कुर्ली बघितलीस ना? डेंगे पोटाशी घेऊन बसते तशी. हा पहारेकरी तसाच बसलेला असतो. प्रथिनाचा बनलेला आहे, आणि त्याला एक खोलगट तळवा आहे. तळव्यात धन भार असतो. विषाणूच्या आरएनएच्या टोकाला तीन फॉस्फेट असतात, त्यांचा भार ऋण. ते टोक तळव्यात बरोब्बर बसतं."

"आणि आपला स्वतःचा आरएनए? तो का नाय बसत?"

"त्याच्या टोकावर टोपी असते. टोपीवाला आत मावत नाय."

"बरं, पुढं?"

"नुसतं टोक असून भागत नाय. आरएनए तिथे दुपदरी हवा, दोन्ही पदर टोकाशी समान कापलेले. तसा मिळाला की पहारेकरी त्याच्याभोवती आवळतो, आणि आवळताना त्याचे डेंगे पोटापासून सुटतात. ते डेंगेच बाकीच्यांना हाका मारतात. मग पेशीत आरडाओरडा."

"म्हणजे टोक धरलं तरच डेंगे सुटणार."

"तरच."

मनस्विनीबाईंनी माझ्याकडे बघितलं. "गोदू, तुझी भाची पोरांना शिकवायच्या लायकीची आहे. उठा. हरिहर माझ्या हाताखाली शिकलाय, दार तो उघडेल."

डॉ. हरिहर प्रयोगशाळेचे संचालक. त्यांनी दार उघडलं, पण चेहरा पाडून. अध्यक्षाबाईंना फोन करून परवानगी घेतली, सगळ्यांसमोर सील तोडलं, आणि बाई योगिनीला घेऊन आतल्या खोलीत गेल्या. मी दारात बसले. दुसऱ्या कोणाला आत येऊ द्यायचं नव्हतं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. आरएनएची लांबी मोजायची एक रीत असते. थुलथुलीत पट्टीवर तो विजेने पळवतात. तुटलेला असला तर पसरट डाग दिसतो, सबंध असला तर एक रेघ.

योगिनीच्या हातातल्या पट्टीवर एकच रेघ होती. स्वच्छ आणि जिथे असायला हवी तिथेच.

"सबंध आहे," ती म्हणाली. "कोणी काहीच तोडलं नाय. म्हणजे आते, डॉक्टर उन्मेषच खरे?"

"गप्प," मनस्विनीबाई म्हणाल्या. "ही पट्टी आपण तिघींनी पाहिली. चौथ्याला यातलं अक्षर कळता कामा नये."

३

मग त्यांनी एकेकाला बोलावलं. प्रश्न सगळ्यांना एकच: नळीला काय झालं असेल?

डॉ. हरिहर टेबलावर पेन आपटत बसले. "बाई, रविवारी सकाळी मी केळशीला होतो. तिथून थेट स्टेशनवर पाहुण्यांना घ्यायला गेलो. योगिनीलाही तिथेच बोलावून घेतलं. नळी तेवढा वेळ तिच्या टेबलावर बर्फाच्या डब्यात होती."

"झालं काय असेल?"

"तुटला असणार. दुसरं काय? आरएनए म्हणजे फार नाजूक. घामाचं बोट लागलं तरी त्याचे तुकडे होतात. आणि आपली ही दमट हवा!"

"त्या वेळात इमारतीत कोण होतं?"

"केतन आणि उन्मेष. रविवार होता ना."

केतन योगिनीच्याच वयाचा, तिच्यासारखाच संशोधक, केळशीच्या मच्छीमाराचा मुलगा. आत आला तोच हात वर करून. "बाई, आधीच सांगतो. इथे कायमची जागा एक, माणसं दोन. त्यातला एक मी. पकडायचं तर पकडा, पण मला जेवायचं आहे."

"नळीला हात लावलास?"

"हिच्या नळीला? मागे एकदा हिचा डबा नुसता सरकवला, तर आठवडाभर बोलली नाय माझ्याशी."

"दोन दिवस," योगिनी कोपऱ्यातून म्हणाली.

"मला आठवडा वाटला."

"काय झालं असेल असं वाटतं?"

त्याचा चेहरा गंभीर झाला. "फुटला असेल आरएनए. आमची पहिली शंका तीच असते. लांबी बघितलीत का? बघायला हवी. पण खोटं तिने केलं नाय, हे मी लिहून द्यायला तयार आहे. ह्या पेशी हिरव्या झालेल्या मी स्वतः पाहिल्यात."

शेवटी डॉ. उन्मेष आले. खुर्ची पुसून बसले. त्याच विषाणूवर लस बनवायचं काम ते वर्षानुवर्षं करत होते, आणि त्याचाही निर्णय ह्याच समितीकडे होता. ते त्यांनी आपण होऊन सांगितलं.

"म्हणजे माझ्यावर संशय घेणं सोपं आहे. पण बाई, नळी सकाळपासून बर्फात होती. माझ्या वडिलांचा बंदरावर बर्फाचा कारखाना आहे, मी त्यातच वाढलो. बर्फात काही घडत नाही. मासा थांबतो, जंतू थांबतात, सगळं थांबतं."

"मग झालं काय?"

"काहीच नाही, हेच तर मी म्हणतो आहे. सबंध आरएनए, बर्फात नीट ठेवलेला, आणि तरी पहारेकरी ढिम्म. याचा अर्थ तो कधी जागा होतच नव्हता. मुलगी हुशार आहे, घाई केली. बंदरावरून आलेल्या मुलांना लवकर मोठं व्हायचं असतं."

माझ्या तोंडात उत्तर आलं होतं. मनस्विनीबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

ते गेल्यावर मनस्विनीबाईंनी दार लावून घेतलं. "योगिनी," त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे जिवंत आरएनए आहे का?"

"जुन्या कामातली एक नळी आहे. मोठ्या फ्रीजरात, कुलपात."

"ती काढ. मेलेला काही बोलत नाही. मेलेल्याच्या शेजारी जिवंत माणूस बसवून बघू."

४

ताटलीत चार खळगे होते. पहिल्यात त्यांनी जिवंत आरएनए दिला. दुसऱ्यात मेलेल्या नळीतला. तिसऱ्यासाठी मेलेल्यातला एक थेंब जिवंतात मिसळला आणि ते मिश्रण दुपारभर बर्फातच ठेवून मग पेशींना दिलं. चौथ्याचंही तसंच, फक्त मेलेला थेंब आधी हात पोळेल एवढ्या गरम पाण्यात धरला आणि नंतर मिसळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगिनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. "पहिला हिरवा," ती म्हणाली. "दुसरा काळा." मग थांबली. "बाई, तिसरा काळा आहे."

"म्हणजे काय गो?" मी विचारलं.

"म्हणजे जिवंतही मेला, आते. नुसत्या शेजाराने. बर्फात असून!"

"आणि चौथा?"

तिने ताटली सरकवली. तिचे खांदे एकदम ताठ झाले. "हिरवा! सगळा हिरवा!"

मनस्विनीबाईंनी चष्मा काढला. "खुनी पळालेला नाही. तो अजून नळीतच बसलाय. आणि उष्णता लागली की मरतो."

त्यांनी मला समजावलं ते असं. आरएनए न तोडता त्याच्या टोकावरचे फॉस्फेट तेवढे काढून टाकणारं एक पाचक द्रव्य असतं. ते शुद्ध असेल तर लांबी तीच राहते, रेघ तीच दिसते. फक्त टोक बोडकं होतं. पहारेकऱ्याच्या तळव्यात धरायला काही उरत नाही, डेंगे सुटत नाहीत. माणूस धडधाकट दिसावा आणि नाडी नसावी, तसं.

"हे द्रव्य इथे दोन जातींचं मिळतं," योगिनी म्हणाली. "एक जनावराच्या आतड्यातून काढलेलं. ते चिवट, एवढ्या उष्णतेला दाद देणार नाय. दुसरं कोळंबीचं. ते गरम पाण्यात लगेच मरतं."

"म्हणजे आपलं कोळंबीचं. ते इथे कोणाकडे आहे?"

योगिनीने सगळ्यांच्या वापराचं थंड कपाट उघडलं आणि तशीच उभी राहिली. कोळंबीच्या द्रव्याचा डबा एकच होता. त्यावर ठळक अक्षरांत नाव होतं: केतन.

५

गुरुवारी समिती परतली. मोठ्या खोलीत सगळे बसले. केतनचा चेहरा पांढरा पडला होता. डब्याची बातमी फुटली होती, आणि दाराशी मी दोघा शिपायांना कुजबुजताना ऐकलं, पोरगा जागेसाठी घसरला म्हणून.

मनस्विनीबाईंनी ताटली दाखवली आणि काय घडलं ते सांगितलं. मग केतनकडे वळल्या. "डबा तुझा. रोज वापरतोस?"

"रोज."

"वापरून झालं की काय करतोस?"

"गरम करून मारतो. नाय मारलं तर ते पुढचं सगळं खात सुटतं."

"बर्फात ठेवून थांबत नाही का ते?"

तेवढ्या भीतीतही केतनला हसू फुटलं. "बाई, ही आपल्या खाडीतली कोळंबी नाय. उत्तरेच्या गोठलेल्या समुद्रातली आहे. ती जन्माला येते तीच बर्फात. थंडीत तिचं काम हळू चालतं, पण चालतंच. पहिल्या महिन्यात माझं सगळं काम तिने असंच घालवलं होतं, तेव्हापासून विसरलो नाय."

"ऐकलंत?" बाई अध्यक्षांना म्हणाल्या. "ह्याने नळीत हे द्रव्य घातलं असतं तर जाताना गरम करून मारलं असतं. मग आज आपल्या हाती काहीच लागलं नसतं. ज्याने घातलं त्याने नळी काही वेळ मुठीत उबवली, काम झालं असं समजून परत बर्फात ठेवली, आणि बर्फाने आता सगळं थांबवलं असं धरून चालला. बंदरावर बर्फाला देव मानणारी माणसं पुष्कळ आहेत. ह्या इमारतीत मात्र एकच भेटला."

डॉ. उन्मेष हसले. "बर्फाच्या कारखान्यात वाढणं हा गुन्हा असेल, तर अर्ध्या रत्नागिरीला आत टाका."

"बरोबर. एवढ्यावर मी कोणाला धरणार नाही. म्हणून दुसरं सांगते." बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "मंगळवारी मी तिघांना एकच प्रश्न विचारला. हरिहर म्हणाला, तुटला असेल. केतन म्हणाला, फुटला असेल, लांबी बघा. आरएनएवर काम करणाऱ्या कोणाच्याही तोंडी पहिलं हेच येणार, कारण तो तुटतोच. तुम्ही तेवढे म्हणालात, सबंध आरएनए."

बाईंनी बोटांवर वार मोजले.

"नळी रविवारी सीलबंद झाली. सील तुटलं ते मंगळवारी, सगळ्यांसमोर. लांबी मोजली आम्ही तिघींनी, बंद दाराआड, आणि तोंडातून शब्द काढला नाही. तो सबंध आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं, डॉक्टर?"

"अंदाज होता."

"तुमच्या धंद्यात कोणी असा अंदाज करत नाही. सबंध आहे याची खात्री फक्त त्यालाच असते, ज्याने हातमोजे घालून, शुद्ध द्रव्य वापरून, तो तुटणार नाही याची काळजी घेतली. कारण तुटला असता तर लोक म्हणाले असते, अपघात झाला, पुन्हा करा. तुम्हाला पुन्हा नको होतं. तुम्हाला ती खोटी ठरायला हवी होती."

डॉ. उन्मेष आधी संचालकांकडे बघत राहिले, मग स्वतःच्या हातांकडे. म्हणाले, "माझी सगळी उमेद त्या लशीत गेली. हिचा तुकडा दोन वर्षांत आला, आणि काम करायला लागला."

६

त्यांना बाहेर नेल्यावर डॉ. हरिहरांनी कपाळ पुसलं. "अध्यक्षाबाई, एक विनंती आहे. योगिनीचं नाव मोकळं झालं, जागा तिला मिळो. पण अहवालात आपण 'नमुना खराब झाला' एवढंच लिहू या. प्रयोगशाळेची अब्रू आहे."

अध्यक्षाबाई विचारात पडल्या. त्यांना ते पटू लागलं असावं, मला तसं दिसलं. मोठी माणसं अशीच मिटवतात, आणि मिटवल्यावर डाग कोणाच्या अंगावर राहतो ते मी बाजारात पुष्कळदा पाहिलंय. उद्या कोणीही म्हणणार, हिचाच नमुना ना तो, खराब झालेला?

योगिनी उभी राहिली. लहानपणी विठूची होडी यायला उशीर झाला की ती धक्क्यावर अशीच उभी राहायची, कोणी ये म्हटलं तरी हलायची नाही.

"सर, माझा नमुना खराब झाला नाय," ती म्हणाली. "तो चांगला होता म्हणून मारला गेला. अहवालात तसंच लिहा. टोक काढलं की पहारेकरी उठत नाय, हे डॉक्टर उन्मेषनी मला खोटं पाडायला केलं. पण माझं म्हणणं तरी दुसरं काय होतं? पहारेकरी टोक धरतो, एवढंच. ते त्यांच्या हातून सिद्ध झालं. तो तिसरा खळगा पुराव्यात गेला पाहिजे, आणि तो काळा का झाला तेही. नाही तर मला जागा नको."

डॉ. हरिहर म्हणाले, "मुली, जरा विचार कर."

"चार दिवस तेवढंच केलं, सर."

मनस्विनीबाई छताकडे बघत होत्या. त्या हसत असल्या की छताकडे बघतात.

अध्यक्षाबाईंनी पेनाचं टोपण काढलं. "सांग," त्या म्हणाल्या. "तुझ्या शब्दांत सांग, मी लिहिते."

योगिनीने सांगितलं. एकदाही अडखळली नाही. प्रत्येक वाक्य टेबलावर ठेवल्यासारखं ठेवलं, आणि दिल्लीहून आलेली माणसं मान खाली घालून लिहीत राहिली. केतन मागच्या बाकावरून मला हळूच म्हणाला, "आते, जागा तर गेली माझी. आता निदान जेवायला तरी घाला."

"ये रात्रीला," मी म्हटलं. "सुरमई करते."

लिहून झाल्यावर समितीतला एकेक जण ताटली बघायला गेला. मी दाराशीच उभी होते. योगिनीने मागे वळून हाक मारली, "आते, ये ना! तू कधी बघितलंच नायस."

सगळे बाजूला झाले. दिल्लीच्या त्या बाईंनी स्वतः स्टूल पुढे सरकवलं. मी पदराला हात पुसले आणि डोळा लावला. आत हिरवं होतं. भाताच्या रोपांचा तरवा वाऱ्यावर हलावा तसं कोवळं, आणि एकेक पेशी वेगळी, कडा उजळलेली. यातली एकेक माझ्या पोरीने जागी केली होती.

मागे कोणीतरी म्हणालं, बाईंना वाकून त्रास होत असेल. टोपली वाहून माझी पाठ आधीच वाकलेली. वाकायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. सरळ व्हायला मात्र मी वेळ लावला. तेवढा वेळ ते सगळे माझ्यामागे रांगेत उभे होते, आणि मी त्यांना उभं ठेवलं.